सीपीयू फक्त २० टक्के, तरी सर्व्हर रांगतोय. कुठं चुकतंय?

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या दूध संस्थांसाठी मी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलंय. काट्यावर वजन पडतं, मशिनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दर लागतो, पावती निघते. सुरुवातीला चार संस्था होत्या, आता चौदा आहेत. सगळा कारभार भाड्याच्या एका व्हर्च्युअल सर्व्हरवर. दोन व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सर्व्हरच्या वाट्याचे सीपीयू), चार जीबी रॅम, उबंटू लिनक्स, पीएचपी भाषा, मारियाडीबी डेटाबेस.

दुखणं असं आहे. सकाळी सहाला संकलन सुरू होतं. साडेसहापर्यंत पावती दोन सेकंदांत हातात. साडेसहा वाजले की घोडं बसलंच म्हणून समजा, एका पावतीला वीस-वीस सेकंद. मागं किटल्या घेऊन रांग, आणि रांगेतली निम्मी माणसं माझी पाव्हणीरावळी. संध्याकाळी सहाला सुरू झालं की साधारण साडेसातपर्यंत टिकतं. पण १, ११ आणि २१ तारखेला, म्हणजे दुपारी दहा दिवसांचं बिल काढायच्या दिवशी, संध्याकाळी पहिल्या किटलीपासूनच बोंब.

सर्व्हरवाल्यांना तीन तिकिटं टाकली. तिन्ही वेळा उत्तर तेच: तुमचा सीपीयू जेमतेम २० टक्के वापरला जातोय, अडचण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांच्या पॅनेलवर बघितलं तर खरंच २० टक्के. पाणसळ लावून मारल्यागत सरळ रेघ.

अजून एक. पॅनेलमधून सर्व्हर बंद करून चालू केला की अर्धा-पाऊण तास एकदम झकास. मग परत पहिले पाढे पंचावन्न.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. ८० टक्के सीपीयू मोकळा असताना सर्व्हर रांगतो कसा?

तिरकस | मंगळवार, ९:१९

पीएचपी. उत्तर मिळालं, धागा बंद करा. (हलके घ्या.)

निवांत_नाशिक | मंगळवार, ९:३१

बंद-चालू केल्यावर सुधारतो म्हणजे मेमरी गळती. रॅम भरून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होत असणार. फ्री कमांडचा आकडा द्या.

वारणाकाठ | मंगळवार, ९:४४

@निवांत, तेच आधी बघितलं होतं. रांगत असताना पण दीड जीबीच्या वर मोकळी असते. स्वॅपला हातसुद्धा लागलेला नाही.

मुळशीकर | मंगळवार, ९:५८

चौदा संस्थांच्या नोंदी एकाच टेबलात आहेत का? इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) आहे का? स्लो क्वेरी लॉग लावा. माझ्या वीस वर्षांच्या अनुभवात "सर्व्हर स्लो आहे" या वाक्याचा अर्थ दहापैकी नऊ वेळा "इंडेक्स लावायला विसरलो" असाच निघालाय.

चहाटळ | मंगळवार, १०:०५

कुणीतरी आत शिरून बिटकॉइन खणतंय. लिहून ठेवा.

टर्मिनल_काकू | मंगळवार, १०:४०

इंडेक्स, मेमरी, खाणकाम, सगळं नंतर बघू. मला ती सरळ रेघ खटकतेय.

माणसं दूध घालायला झुंडीनं येतात, मध्येच कुणी येत नाही, मग परत चौघं एकदम. अशा कामाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असायला हवा. तो पाणसळीत येत असेल तर ती रेघ म्हणजे वापर नव्हे, ते छत आहे. तुमचं डोकं वर आपटतंय आणि ते म्हणतात, बघा, उंची फक्त वीसच.

उद्या सकाळी रांगायला लागला की एसएसएच करून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करून) टॉप ही कमांड लावा आणि वरून तिसरी ओळ, सीपीयूची, जशीच्या तशी इथं टाका. पॅनेल बघू नका. (मोबाईलवरून देवनागरीत टंकतेय, कमांडी समजून घ्या.)

तिरकस | मंगळवार, १०:४३

काकू आल्या. आता मजा. चहा ठेवतो.

वारणाकाठ | बुधवार, सकाळी ६:५२

एका हातात फोन आणि एका हातात सेक्रेटरीचा ओरडा घेऊन लिहितोय. ही ओळ:

१८.२ यूएस, २.१ एसवाय, ०.० एनआय, ०.० आयडी, ०.३ डब्ल्यूए, ०.० एचआय, ०.२ एसआय, ७९.२ एसटी

हे एसटी काय आहे? महामंडळाची नसावी.

टर्मिनल_काकू | बुधवार, ७:१०

सापडलं. महामंडळाची नाही, पण वाट बघायला लावते तशीच.

या ओळीची बेरीज नेहमी १०० असते, करून बघा. आयडी म्हणजे रिकामा बसलेला वेळ. तुमचा शून्य आहे. म्हणजे ८० टक्के सीपीयू मोकळा वगैरे काही नाही. एसटी म्हणजे स्टील, चोरी. तुमचा सर्व्हर खरं तर एका मोठ्या यंत्रातला भाडेकरू. त्याच्याकडे काम होतं, तो धावायला तयार होता, पण खालच्या हायपरव्हायजरनं (मोठ्या यंत्राचा सीपीयू भाडेकरूंत वाटणाऱ्या सॉफ्टवेअरनं) त्याला खरा सीपीयू दिलाच नाही. असा उभ्या उभ्या गेलेला वेळ एसटीत मोजला जातो. दर १०० सेकंदांतले ७९ सेकंद तुम्ही दारात उभे आहात.

त्यांच्या पॅनेलला फक्त दिलेला सीपीयू दिसतो, मागितलेला नाही. म्हणून ते २० म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत.

मुळशीकर | बुधवार, ९:१५

इंडेक्सचं विधान तात्पुरतं मागे घेतो. पण मग ही शेजाऱ्याची कृपा. एका यंत्रावर गिऱ्हाइकं कोंबलेली असतात. सकाळी साडेसहाला शेजारचा कुणीतरी काहीतरी जड चालवतो आणि तुमचा वाटा खातो. दुसऱ्या यंत्रावर हलवा म्हणावं.

तिरकस | बुधवार, ९:२१

थोडक्यात, सर्व्हरवालाही दुधात पाणी घालतो.

वारणाकाठ | बुधवार, ९:३०

@तिरकस, आमच्याकडं त्याला लॅक्टोमीटर असतो हो. ह्याला काय लावायचं?

टर्मिनल_काकू | बुधवार, ९:४८

एसटी हाच लॅक्टोमीटर. तो शून्याच्या आसपास असेल तर दूध निर्भेळ, अधूनमधून दोन-चार टक्के चालतं. व्हीएमस्टॅट १ असं लावून ठेवा, दर सेकंदाला एक ओळ येते आणि एसटीचा रकाना उजवीकडे असतो.

@मुळशीकर, शेजारी असता तर एसटी नाचला असता. कधी १०, कधी ६०, कधी शून्य. शेजारी काही पाणसळ घेऊन बसत नाही. बरोबर २० वर कापलंय म्हणजे कुणीतरी मोजून कापलंय. शिवाय बंद-चालू केल्यावर पाऊण तास बरा राहतो, तो का? शेजारी तेवढ्यात गावाला जातो का?

मुळशीकर | बुधवार, १०:०२

बंद करून चालू केल्यावर दुसऱ्या यंत्रावर उतरत असेल. मग तिथला शेजारी जागा होतो. असं होऊच शकत नाही असं नाही.

टर्मिनल_काकू | बुधवार, १०:२०

होऊ शकतं. मग भांडत बसण्यापेक्षा तपासूया.

वारणाकाठ, उद्या संकलन आटोपल्यावर, नऊच्या सुमारास, दोन खिडक्यांत येस ही कमांड (एकच अक्षर न थांबता छापत राहते) डेव्ह-नलकडे (आलेलं सगळं गिळणाऱ्या कचरापेटीकडे) वळवून सोडून द्या. दोन्ही सीपीयू पूर्ण भरतील. तिसऱ्या खिडकीत व्हीएमस्टॅट. पहिल्या सेकंदापासून २० वर अडकला तर कायमची मर्यादा. वेडावाकडा नाचला तर मुळशीकरांचा शेजारी. थोडा वेळ १०० नं पळून मग धप्पकन २० वर बसला तर माझं म्हणणं खरं. संकलनाच्या आधी मात्र चुकूनही करू नका, का ते नंतर सांगते. आणि झालं की दोन्ही येस मारायला विसरू नका.

टोरंटोकर | बुधवार, रात्री ११:३५

अवांतर, पण पुढं हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी: एसटी शून्य आहे म्हणून मर्यादा नाही असं समजू नका. मी त्यात चार दिवस घालवलेत.

डॉकर, कुबरनेटीस किंवा सिस्टमडी (प्रोग्राम चालवणारी आणि त्यांना मर्यादा लावू शकणारी साधनं) यांनी लावलेला कोटा हा तुमच्याच कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) असतो. हायपरव्हायजरचा त्यात हात नाही, त्यामुळे एसटी शून्य, आयडी भरपूर, आणि तरी प्रोग्राम कुथतोय. तेव्हा सीग्रुपच्या (कर्नलमधल्या याच मर्यादांच्या सोयीच्या) फोल्डरमधली सीपीयू-डॉट-मॅक्स ही फाईल उघडा. तिच्यात ५०००० १००००० असे दोन आकडे दिसले तर अर्थ असा की दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंदच चालायचं, म्हणजे अर्धा कोअर. शेजारच्या सीपीयू-डॉट-स्टॅटमध्ये एनआर-थ्रॉटल्ड हा आकडा असतो. तो वाढत असेल तर तुमचा गळा आवळलेला आहे.

यातली गंमत अशी की सरासरी बघून कळत नाही. समजा एका कोअरचा कोटा आहे आणि प्रोग्रामनं आठ धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी आठ कामं, सोडले (हा धागा नव्हे). आठ कोअरवर ते साडेबारा मिलिसेकंदांत सगळा कोटा फस्त करतात आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी हात बांधून बसतात. लिनक्समध्ये ही सोय ३.२ पासून आहे, आणि ५.४ च्या आधीच्या काही कर्नलांत तर कोटा न संपताही गळा आवळायची चूक होती.

माझ्या प्रकरणात तो कोटा लावला कुणी होता? मीच. दोन वर्षांपूर्वी, एक चाचणी करताना, सर्व्हिसच्या फाईलमध्ये सीपीयू-कोटा २० टक्के लिहून ठेवला होता.

तिरकस | बुधवार, ११:४१

चोर घरातलाच निघाला. आवडलं.

निवांत_नाशिक | गुरुवार, सकाळी ८:१२

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर माझी पण ऐका. एका अकाउंटंट मित्राच्या ऑफिसात केव्हीएमवर (लिनक्सवरचा हायपरव्हायजर) विंडोज १० प्रो टाकून दिलं. त्याला आठ व्हीसीपीयू दिले. टास्क मॅनेजरमध्ये दिसले दोन! मी ड्रायव्हर बदलले, पुन्हा इन्स्टॉल केलं, देव पाण्यात घातले.

कारण लायसन्सचं. विंडोज १० प्रो दोन सॉकेटपर्यंतच (सॉकेट म्हणजे सीपीयूची चिप बसवायची जागा) चालतं, होम तर एकच. आणि माझ्या सेटिंगमध्ये आठ व्हीसीपीयू म्हणजे आठ सॉकेट, प्रत्येकात एक कोअर, असं गेलं होतं. टोपॉलॉजी बदलून एक सॉकेट आठ कोअर केलं, आठही हजर.

त्याच मशिनवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) होतं. त्याची मर्यादा एक सॉकेट किंवा चार कोअर, यातलं जे कमी ते. म्हणजे आधीच्या मांडणीत बिचारं एकाच कोअरवर ओढत होतं. मित्र म्हणायचा, तू मशिन मोठं केलंस आणि फरक काहीच नाही. त्याचं बरोबर होतं.

पसरणी_घाट | गुरुवार, ८:५०

आमच्याकडे व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर. त्यावर पाहुण्याच्या (व्हर्च्युअल मशिनच्या) आतून एसटी सहसा शून्यच दिसतो, म्हणून आत शोधू नका. बाहेरून सीपीयू रेडी बघायचा. चालू आलेखात दर २० सेकंदांची बेरीज मिलिसेकंदांत येते, त्यामुळे एका व्हीसीपीयूला २००० दिसलं तर १० टक्के वेळ तो सीपीयूची वाट बघत उभा होता. आम्ही पाचच्या वर गेलं की बघायला घेतो. आणि मशिनच्या सेटिंगमध्ये लिमिट म्हणून मेगाहर्ट्झचा एक रकाना असतो. जुन्या टेम्प्लेटमध्ये कुणी आकडा भरून गेला असेल तर त्यावरून काढलेली प्रत्येक मशिन जन्मतःच लंगडी.

"स्लो आहे ना, मग अजून चार व्हीसीपीयू द्या" हा साहेब लोकांचा उपाय उलटा पडू शकतो. आधीच कोंबलेल्या यंत्रावर जास्त व्हीसीपीयूवाल्या मशिनला एकदम तेवढे कोअर मोकळे मिळणं अवघड जातं, आणि ती अजूनच ताटकळते.

वारणाकाठ | गुरुवार, ९:२२

काकू, साष्टांग.

नऊ वाजता दोन येस सोडले. साडेआठ मिनिटं दोन्ही सीपीयू १०० टक्के, एसटी शून्य. मी म्हटलं, हे तर ठणठणीत आहे. आणि मग बघता बघता एसटी ८०. तिथंच बसला. दोन्ही मारले.

आता करार काढून वाचला. प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात "बर्स्टेबल, बेसलाइन २० टक्के प्रति व्हीसीपीयू" असं आहे, म्हणजे कायमचा हक्क २० टक्केच, वरचा वेग थोडा वेळच. मी आजवर दोन व्हीसीपीयू एवढंच वाचलं होतं.

लिनक्सवेडा | गुरुवार, ९:४०

अमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांच्या टी मालिकेसारखी योजना आहे ही. तिथं नियम उघड लिहिलेले असतात. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू पूर्ण ताकदीनं एक मिनिट. टी३ स्मॉलला दोन व्हीसीपीयू, बेसलाइन २० टक्के, तासाला २४ क्रेडिट, जास्तीत जास्त ५७६ साठतात. २०१४ ची टी२ साध्या प्रकारात क्रेडिट संपलं की बेसलाइनवर आणून बसवते, आणि सुरू करताना प्रत्येक व्हीसीपीयूमागे ३० क्रेडिट हातावर ठेवते. तुमचं "बंद-चालू केलं की पाऊण तास बरं" हे त्यातलंच वाटतंय. टी३ मात्र मुळात अनलिमिटेड लावलेली असते. ती अडवत नाही, वरकड वापराचं बिल लावते. लिनक्सला व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर. कुठला त्रास सोसवतो ते आपण ठरवायचं.

टर्मिनल_काकू | गुरुवार, १०:३०

लिनक्सवेडांनी माझं काम हलकं केलं. वारणाकाठ, आता वही घ्या.

क्रेडिट म्हणजे पाणी समजा, एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट. गच्चीवर टाकी आहे. नळाला तासाला २४ मिनिटं पाणी येतं (२० टक्के गुणिले २ सीपीयू गुणिले ६०). काही न करता सुद्धा तुमचा सर्व्हर तासाला दहा मिनिटं पीत असेल असं धरते. निव्वळ साठतात १४.

संध्याकाळचं बघा. सकाळचं संकलन आठला संपतं तेव्हा टाकी कोरडी. आठ ते सहा, दहा तास, १४० साठले. संकलन दोन्ही सीपीयू पूर्ण खातं असं धरलं तर तासाला १२० जातात, २४ येतात, तूट ९६. १४० भागिले ९६ म्हणजे साधारण एक तास सत्तावीस मिनिटं. सहाला सुरू केलं तर ७:२७. तुम्ही काय लिहिलंय? साडेसात. आजची चाचणीही बसते. आठ ते नऊ एका तासाचे १४, भागिले ९६, पावणेनऊ मिनिटं.

बिलाच्या दिवशी दुपारी तुम्ही टाकी उपसता, म्हणून संध्याकाळी पहिल्या किटलीपासून ठणठणाट.

पण सकाळचा हिशोब जुळत नाही. रात्री आठ ते सकाळी सहा, तेही दहा तासच. मग सकाळीही ७:२७ पर्यंत टिकायला हवा. तुमचा ६:३० ला मरतो. रात्री कुणीतरी ९० मिनिटांचं पाणी पितंय. कोण?

चहाटळ | गुरुवार, १०:३४

बिटकॉइन! सांगत होतो!

वारणाकाठ | गुरुवार, ११:०५

रात्री फक्त बॅकअप होतो, साडेदहाला. बाराच्या आत संपत असेल. त्याचा सकाळशी काय संबंध?

टर्मिनल_काकू | गुरुवार, ११:०८

सर्व्हरवर डेट टाइप करा. काय दिसतं?

वारणाकाठ | गुरुवार, ११:१५

घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. साडेपाच तास मागं. म्हणजे माझा रात्री साडेदहाचा बॅकअप पहाटे चारला चालतोय!! लॉग बघितला, ४:०० ते ५:३०. एक्सझेड (फाईल दाबून लहान करणारा प्रोग्राम), उणे नऊ (सगळ्यात जोरात दाबायचा पर्याय), एक कोअर पूर्ण भरून. सापडला चोर. आजच वेळ बदलून खरंच साडेदहा करतो. विषय संपला.

मुळशीकर | गुरुवार, ११:२०

अभिनंदन. शेजारी निर्दोष सुटला.

टर्मिनल_काकू | गुरुवार, ११:२६

थांबा, थांबा. वेळ बदलून काही मिळणार नाही. टाकी तीच, पाणी तेवढंच. साडेदहाला ९० मिनिटं प्यालात काय आणि चारला प्यालात काय, सहाला उरणार पन्नासच. पिणं कमी करा. उणे नऊ कशाला? झेडस्टॅंडर्डनं दाबा, फाईल थोडी मोठी होईल, वेळ कुठल्या कुठे उतरेल.

आणि आता मुळशीकरांची पाळी. पावत्या छापायला दोन सीपीयू पूर्ण का लागतात? चौदा संस्था आहेत, शेअर बाजार नव्हे.

मुळशीकर | गुरुवार, ११:४५

धन्यवाद काकू, मला वाटलं मी रिटायर झालो. वारणाकाठ, एका नोंदीला तुमचा प्रोग्राम नेमकं काय काय करतो, क्रमानं लिहा. लाजू नका.

वारणाकाठ | गुरुवार, दुपारी १:१०

लाजण्यासारखंच आहे.

वजन, फॅट, एसएनएफ आले की दर काढतो. दरपत्रक संघाकडून एक्सेलमध्ये येतं. फॅट ३.० पासून १०.० पर्यंत दशांशानं, एसएनएफ ८.० पासून ९.५ पर्यंत. ७१ ओळी, १६ रकाने, ११३६ घरं. ती एक्सेल फाईल प्रत्येक नोंदीला उघडतो, पूर्ण वाचतो, एक आकडा घेतो, बंद करतो. चार संस्था होत्या तेव्हा कळलं नाही.

मुळशीकर | गुरुवार, १:१४

...

तिरकस | गुरुवार, १:१५

मुळशीकर पाणी प्यायला गेलेत. आणि मी पहिल्याच प्रतिसादात पीएचपी म्हणालो होतो हे नोंदवून ठेवतो.

मुळशीकर | गुरुवार, १:३३

पीएचपीचा काही दोष नाही. एका लिटर दुधासाठी रोज नवीन म्हैस विकत घेताय तुम्ही. दरपत्रक बदललं की एकदाच वाचा, टेबलात टाका, फॅट-एसएनएफवर (होय, होय) इंडेक्स लावा. बिलातही तेच करत असाल तर तिथंही.

चहाटळ | गुरुवार, २:००

एवढं करण्यापेक्षा मोठा प्लॅन घ्या की राव. डेडिकेटेड सीपीयू, कटकट मिटली.

वारणाकाठ | गुरुवार, २:२०

भाडं अडीचपट होतंय. ते संस्थांवर टाकायचं म्हटलं तर मीटिंगमध्ये माझीच फॅट काढतील. आधी हे करून बघतो, नाहीच जमलं तर मग मोठा प्लॅन.

पसरणी_घाट | गुरुवार, २:४१

एक सुचवणी. एसटीचा आकडा दर मिनिटाला फाईलमध्ये लिहून ठेवा आणि १० च्या वर गेला की स्वतःला मेसेज येईल असं करा. सेक्रेटरीच्या फोनच्या आधी कळलेलं बरं.

वारणाकाठ | पुढचा शुक्रवार, रात्री ८:४०

धागा वर काढतोय. आज २१ तारीख, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

दरपत्रक टेबलात टाकलं. बॅकअप झेडस्टॅंडर्डनं पाच मिनिटांच्या आत होतो. बिल काढायला दुपारी दोन तास लागायचे, आज अकरा मिनिटं लागली. मला वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून तीन संस्थांची बिलं हातानं ताळून बघितली. पैशाचाही फरक नाही. संध्याकाळचं संकलन आत्ता आठला संपलं. पूर्ण दोन तास व्हीएमस्टॅट समोर ठेवून बसलो होतो, एसटी एकदाही दोनच्या वर गेला नाही. पॅनेलवरचा आलेख आता करवतीसारखा झालाय, काकू म्हणाल्या तसा.

सर्व्हरवाल्यांचं चौथं तिकीट उघडंच होतं. आज त्यांचा निरोप आला: तुमचा सीपीयू वापर कमी-जास्त होताना दिसतोय, काही अडचण आहे का?

तिरकस | शुक्रवार, ८:४४

त्यांना म्हणावं, पावती दोन सेकंदांत येतेय, त्यामुळे रांगेत गप्पा मारायला वेळ मिळत नाही.

वारणाकाठ | शुक्रवार, ८:५१

खरंच सांगतो, एका आजोबांनी तेच ऐकवलं. "आधीचं बरं होतं, बसायला मिळायचं."

लिनक्सवेडा | शुक्रवार, ९:०५

वाचनखूण साठवली. काकू, यावर एक लेख होऊन जाऊ दे.

टर्मिनल_काकू | शुक्रवार, ९:३०

लेख वगैरे नको, उद्या घरी पाहुणे आहेत. वारणाकाठ, घड्याळ अजून यूटीसीवरच आहे का? तसंच ठेवलंत तरी चालेल, पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) वेळ लिहिताना साडेपाच तास वजा करायला विसरू नका. आणि पंधराव्या संस्थेला हो म्हणायच्या आधी टाकीचा हिशोब परत मांडा.

घाटमाथा_२२ | रविवार, सकाळी ११:१८

नमस्कार, मी नवीन आहे. माझापण सर्व्हर स्लो आहे पण एसटी शून्य दाखवतो आणि आयडी ७०. डॉकरमध्ये चालतोय. काय करू?

टोरंटोकर | रविवार, ११:२५

वर बुधवारचा माझा प्रतिसाद वाचा आणि सीपीयू-डॉट-मॅक्समधले दोन आकडे इथं टाका. कुणी लावलेत हे आधी स्वतःला विचारून घ्या.